कार्डावर उतरलेल्या दोन चाली

घुग्घुसला दादाचं खाणीचं क्वार्टर रिकामं करायचं होतं. सामान फार नव्हतंच. एकट्या माणसाची भांडी, एक लोखंडी पलंग, कॅलेंडरांमागे राहिलेले भिंतीचे पांढरे चौकोन. घुग्घुसमध्ये सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. दादाच्या घरात तर वर्षांची धूळ होती, कोळशाची आणि सिमेंटची, एकमेकांत मिसळून राखाडी झालेली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं सापडलं. उलगडलं तर तो लॅपटॉप. करडा, विटेसारखा जाड, कडा पिवळ्या पडलेला.

झाकण उघडलं तसा वास आला. आधी धुळीचा, मग वर्षानुवर्षं तापून निवलेल्या प्लास्टिकचा. आणि त्याच्याही खाली कुठेतरी धानाच्या तणसाचा, सुकल्या पेंढ्याचा. हा शेवटचा वास खरा होता की मीच तो आणला होता, सांगता येत नाही. पण मी क्वार्टरच्या फरशीवर बसले आणि मला आरमोरीजवळचं आमचं गाव दिसायला लागलं.

दादा दारात उभा होता. "बाई," तो म्हणाला. मला तो लहानपणापासून बाईच म्हणतो. "ते फेकू नको. बाबाच्या चाली आहेत त्याच्यात."

तो हे खूप मोठ्याने म्हणाला. दादा आता सगळंच मोठ्याने बोलतो. खाणीवर कोळसा फोडायच्या क्रशरजवळ त्याची उमर गेली. बारीक आवाज आधी गेले. पाखरं गेली, प्रेशर कुकरची शिट्टी गेली, बायकांचे आणि लेकरांचे आवाज गेले. जड आवाज तेवढे उरले आहेत. ट्रक, ढोल, ढगांचा गडगडाट. तेही राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी त्याला लिहून दाखवलं होतं. माझा आवाज त्याला समोर बसून, ओठ पाहून कळतो.

"चालू करता येईन का हे?" त्याने विचारलं. "जाच्या आधी एकदा ऐकून घेतो म्हंतलं."

जाच्या आधी म्हणजे कान जायच्या आधी. मी मान हलवली. त्या दिवशी दादा माझ्याकडे चंद्रपूरला राहायला आला, आणि त्याच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला तो लॅपटॉप बसमधून आला.

आमचे बाबा पेटी वाजवायचे. शेती होती थोडी, धानाची, तळ्याखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत. पण ती आई पाहायची. बाबा पावसाळाभर शेतकरी असायचे आणि दिवाळीनंतर नाटकवाले. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात, आणि पाहायला आलेल्या पाहुण्यांसाठी त्याच गावात नाटक ठेवतात. बाबा एका मंडळीत पेटी वाजवायचे आणि पदांना चाली लावायचे. आज या गावी, उद्या त्या गावी. आम्हाला ते सकाळीच दिसायचे.

ती सकाळ मला अजून तशीच आठवते. मंडळीची गाडी फाट्यावर थांबायची आणि बाबा पायी घरी यायचे. मफलरवर दव असायचं. अंगाला जनरेटरच्या धुराचा, विडीचा आणि रंगपटातल्या पावडरीचा वास. खिशात कागदाच्या पुडीत शेव-चिवडा, पटातल्या दुकानावरचा, मऊ पडलेला. मी त्यांच्या कोटाला नाक लावायची. आई चुलीवर पाणी ठेवायची. ती विचारायची, "झालं का चांगलं?" आणि बाबा म्हणायचे, "पब्लिक होती." एवढंच. मग ते उन्हात खाटेवर झोपायचे, आणि आम्हाला अंगणात पाय न वाजवता चालावं लागायचं. तळ्याकडून बगळे उडायचे. मळणीच्या जागेवर तणसाचा ढीग असायचा, त्याच्यात गरम वाटायचं, आणि मी व दादा त्याच्यात रुतून बसायचो, बाबा उठायची वाट पाहत.

दुपारी ते उठले की पेटी बाहेर यायची. भाता हलायचा, आधी नुसता श्वास यायचा, सूर नंतर. कुठलंही पद असो, बाबांची चाल कुठून यायची ते मला ठाऊक होतं, आणि हे गुपित वगैरे नव्हतं, आईलाही ठाऊक होतं. रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांत बायका गुडघाभर चिखलात वाकून गायच्या, एक ओळ इकडची फळी, एक ओळ तिकडची. बाबा शेताच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंढ्या पोचवता पोचवता ऐकायचे. ते सगळं त्यांच्या कानात मुरायचं आणि थंडीत नाटकाच्या पदातून बाहेर यायचं, कोणाला ओळखूही न येण्यासारखं. एकदा आई नाटकाला गेली होती. परत आली ती हसतच. म्हणाली, "माझ्याच रोवण्याचं गाणं त्या राणीच्या तोंडी घातलं यांनी. अन् राणी रडून राह्यली!"

मोहफुलांच्या दिवसांत नाटकं संपत यायची. पहाटेच्या गारव्यात आम्ही टोपल्या घेऊन रानाच्या कडेला जायचो. झाडाखाली पिवळसर, ओली, जड फुलं पडलेली असायची, आणि त्यांचा तो गोड, डोकं जड करणारा वास. घरी आणून अंगणात वाळत घातली की सगळं घर त्या वासाचं होऊन जायचं. बाबा फुलं वेचताना गुणगुणायचे. पेटीशिवाय त्यांचा आवाज साधाच होता, थोडा फाटका. पण चाल त्यांच्या मानेतून यायची. ते मान थोडी तिरपी करायचे, जणू पुढचा सूर कोणी त्यांना बाजूने सांगत आहे.

दादा दहावीनंतर चंद्रपूरला शिकायला गेला आणि तिथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसायला लागला. चपला बाहेर काढून आत जायचं, आत थंडगार, पडदे ओढलेले. सुट्टीत येऊन तो सांगायचा तेव्हा मला ते देवळासारखं वाटायचं. मग घुग्घुसला एका ठेकेदाराच्या साइट ऑफिसात लागला. ट्रकांच्या खेपा त्या लॅपटॉपमध्ये भरायचं काम होतं. ठेका संपला तेव्हा ठेकेदाराने जुना झालेला लॅपटॉप त्यालाच देऊन टाकला. त्यानंतर दादा क्रशरवर गेला. पण त्याआधी एक उन्हाळा तो घरी होता. आमच्या घरातला तो सगळ्यांत सुखाचा उन्हाळा, असं आता म्हणते. तेव्हा नुसतं ऊन होतं.

"हे काय गा आणलंस?" बाबांनी विचारलं होतं.

"कॉम्प्युटर आहे, बाबा. घडीचा."

"वाजते का?"

दादाला बहुतेक याच प्रश्नाची वाट होती. त्याने काही अक्षरं टाइप केली आणि लॅपटॉपमधून बारीक, सरळ, टोचणारा आवाज आला. सा. मग रे. मग ग. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "टिटवी वरडते तसं लागते!" ते म्हणाले. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती, तीही हसली.

"तुमी सूर सांगत जा," दादा म्हणाला. "मी लिहून ठेवतो. सा म्हणजे सी, रे म्हणजे डी. सूर किती लांब धराचा, किती थांबाचं, सगळं लिहिता येते. मंग कधीई लावा, वाजते."

"मी नसलो तरी?"

"तुमी नसले तरी."

बाबा पेटी जवळ ओढून बसले. तो उन्हाळाभर ते दोघं असे समोरासमोर बसत. बाबा एक ओळ वाजवायचे, मग तीच हळूहळू, एकेक सूर मोजून सांगायचे. दादा टाइप करायचा, वाजवून दाखवायचा. बाबा हात उडवायचे. "नाई, नाई. इथी घसराचं आहे. गंधारावरून पंचमावर असं ओघळत जाचं. याले घसरता येत नाई का?"

"नाई येत, बाबा. एक तं हा सूर, नाई तं तो. मधात काई नाई."

"मधातच तं सगळं आहे बाप्पा," बाबा म्हणाले. रागाने नाही. गमतीनेच. थोडा वेळ भात्याशी चाळा करत बसले आणि मग म्हणाले, "बरं. जेवढं येते तेवढं लिही."

वीज गेली की बॅटरीवर थोडा वेळ चालायचं, मग लॅपटॉपचा पडदा मंद होत जायचा, आणि बाबा पेटीवर तीच ओळ पुढे नेत राहायचे, लिहिणारं कोणी नसताना. दाराशी पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, आंबाडीच्या भाजीचा वास. एखादा भुंगा कौलांखालच्या लाकडात भोक पाडत असायचा, आणि त्याचा एक सूर पेटीत मिसळून जायचा.

त्यानंतर काही हंगाम गेले. मग एका हंगामात बाबा पटाला गेले नाहीत. पुढच्या हंगामात बाबाच नव्हते.

गोष्टी कशा जातात ते कळत नाही. पेटी मंडळीत गेली आणि मंडळी मोडल्यावर कुठे गेली कोणाला माहीत नाही. आता नाटकांत कीबोर्ड असतो, त्यात सगळी वाद्यं एका बटणावर. एका नाटकाची कॅसेट आमच्याकडे होती. तिच्या फितीला पांढरी बुरशी लागली आणि आत नुसती खरखर राहिली. मोहाची दोन मोठी झाडं रस्ता रुंद करताना गेली. आई गेली. घर भावकीकडे गेलं. मी चंद्रपूरला कॉलेजच्या लायब्ररीत लागले, दादाने लग्न केलं नाही, का ते त्याने कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं दिवाळीला भेटायचो आणि गावाबद्दल बोलायचं टाळायचो.

मला मात्र बाबांची एक चाल येत होती. येत होती म्हणजे ती आपणहून यायची. नाटकातल्या एका आईचं पद होतं ते. मुलगा परत येणार नाही हे सगळ्या गावाला कळलेलं असतं, तिला कोणी सांगितलेलं नसतं, आणि ती अंगणात तांदूळ पाखडत बसलेली असते. शब्द मी विसरले. चाल भांडी घासताना यायची, बसस्टॉपवर यायची, पुस्तकांवर शिक्के मारताना यायची. कधी संथ, कधी घाईची, कधी मधूनच सुरू होऊन मधेच हरवणारी. पूर्ण मी ती कधीच म्हणू शकले नसते. पण ती यायची तेव्हा माझी मान आपोआप थोडी तिरपी व्हायची.

तर तो लॅपटॉप चालू करायचा होता.

गोल बाजाराजवळच्या एका दुकानात मी तो घेऊन गेले. दुकानदाराने तो उलटापालटा केला, नवीन वायर लावून वीज दिली. पडदा उजळला, पण त्यावर काळा डाग पसरला होता, तळापासून वरपर्यंत, शाईसारखा. वरच्या तीन-चार ओळी तेवढ्या दिसत होत्या. आतला स्पीकर कुजून गेला होता. फ्लॉपी घालायच्या जागेतलं रबर वितळून डांबर झालं होतं, मागच्या वायर जोडायच्या पिना गंजून तुटल्या होत्या.

"म्याडम, हे म्युझियमले देऊन टाका," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "आतली डिस्क फिरून राह्यली आहे, पण किती दिवस, ते सांगता येत नाई. काढाचं असन काई तं लवकर काढा."

काढायचं कुठून? दादानेच सांगितलं. लॅपटॉपच्या बाजूला एक सपाट खाच होती. त्या काळी तिच्यात जाड पत्त्यासारखी कार्डं बसायची. जुन्या कॅमेऱ्यांत असायचं ते चौकोनी मेमरी कार्ड, त्याला पत्र्याची एक चौकट मिळते. त्या चौकटीत कार्ड घालून या खाचेत सरकवलं तर लॅपटॉप त्याला आणखी एक डिस्क समजतो. बाबांच्या चाली त्या कार्डावर उतरवायच्या आणि माझ्या नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्या. तिथे त्या खालच्या पट्टीत वाजवता येतील, मोठ्या स्पीकरवर. जड आवाज दादाला अजून ऐकू येत होता. वेळ तेवढाच होता.

चौकट पोस्टाने आली. कार्ड मी आधी चांगलं मोठं, खूप साठवणारं घेतलं, तर लॅपटॉपने ते घेतलंच नाही. "एवढं मोठं त्याले मोजताच येत नाई," दादा म्हणाला. "लहान पाहून आण." लहान कार्ड आता कोणी विकत नाही. एका फोटो स्टुडिओवाल्याने ड्रॉवर उपसून एक काढून दिलं. "याच्यात कोणाकोणाची लग्नं होती, बाई," तो म्हणाला. "पुसली कधीचीच."

तेही चाललं नाही. मी ते नव्या कॉम्प्युटरवर साफ केलं होतं, नव्या पद्धतीने. जुन्याला ती आखणी वाचता येत नव्हती. जुन्या पद्धतीने आखून दिलं. तरी नाही. लॅपटॉप कार्डाकडे पाहायलाच तयार नव्हता. डिस्कचा फिरायचा आवाज रोज थोडा बदलत होता, आधी घरघर, मग घरघरीत एक खडा. गार असली की ती फिरेचना. मग आम्ही लॅपटॉप गच्चीवर उन्हात ठेवायचो, खाली गोणपाट, वर आईचं लुगडं. चंद्रपूरच्या उन्हात वाळवण घालतात तसा. तापला की तो सुरू व्हायचा.

मग एका दुपारी दादा गच्चीवरून खाली आला आणि म्हणाला, "बाई, मीच बंद केलं आहे ते."

"काय बंद केलं?"

"कार्ड वाचाची ओळ. लॅपटॉप सुरू होताना ज्या ओळी वाचते ना, त्याच्यात होती. मेमरी लय खाये ती. बाबाची लांब चाल मावत नव्हती, म्हणून मीच रेम लिहून ती ओळ झाकली होती. रेम लिहिलं का मशीन ती ओळ सोडून देते."

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. काळ्या डागाखाली काय आहे ते दिसत नव्हतं, पण त्याच्या बोटांना ते ठाऊक होतं. फाइल उघडली, खाली-खाली गेला, ती ओळ वरच्या उजळ पट्टीत आणली. तिच्या पुढे ती तीन अक्षरं होती. त्याने ती एकेक करून खोडली. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, बाबा समोर पेटी घेऊन बसलेले असताना, त्याने ती अक्षरं लिहिली असतील, बाबांना जागा व्हावी म्हणून.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. कार्ड आत सरकवलं. दादाने टाइप करून मशीनला विचारलं, आणि वरच्या ओळीत उत्तर आलं. नवी डिस्क होती. रिकामी, पण होती.

"घेतलं!" दादा ओरडला. "घेतलं त्यानं, बाई!" शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावून पाहिलं. क्वार्टर सोडल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी पण हसले. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, या घरात काहीतरी परत आलं आहे.

पहिली चाल कार्डावर गेली. लहान होती, सूत्रधाराच्या पदाची. मग दुसरी, लांब. तांदूळ पाखडणाऱ्या आईची. लॅपटॉप अडखळत, थांबत थांबत ती देत होता. गेली. दादाने तिसरी लावली.

तेव्हा मला आवाज ऐकू आला. टक. टक. मग एक लांब, घासत नेल्यासारखा आवाज, मग पुन्हा टक. पडद्यावर प्रश्न आला, सोडून देऊ की पुन्हा प्रयत्न करू. दादाने आर दाबला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तोच प्रश्न. त्याने पुन्हा आर दाबला. तो ती टकटक ऐकू शकत नव्हता. तो त्या एका ओळीकडे पाहत होता आणि बोट तेच बटण दाबत होतं, आणि मी त्याच्या बाजूला बसून आतली डिस्क तुटताना ऐकत होते.

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे, दादा," मी म्हणाले. "गेली ती."

"येईन. गरम करून पाहू."

"आवाज ऐकला मी. गेली."

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप सकाळपासून उन्हात ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशीही. डिस्क फिरली नाही. बाकीच्या चाली आत राहिल्या. किती होत्या ते दादालाही नीट आठवत नव्हतं; एक होळीच्या पदाची, एक राजाच्या दरबारातली, एक तर बाबांनी कुठल्या नाटकासाठी नाही, अशीच केलेली.

कार्डावर दोन आल्या होत्या. मी कार्ड माझ्या कॉम्प्युटरला लावलं. त्या जुन्या भाषेतलं लिहिलेलं वाजवणारा प्रोग्राम मिळतो, तो घातला. दोन्ही फाइली उघडल्या. अक्षरांच्या रांगा होत्या, सी, डी, ई, मधे आकडे. दादाने पट्टी खाली आणली, जेवढी जाईल तेवढी. दोन मोठे स्पीकर त्याच्या खुर्चीच्या दोन बाजूंना ठेवले. तो सरळ बसला, शर्टाचं वरचं बटण लावून, कोणाकडे पाहुणा गेल्यासारखा.

मी लांब चाल लावली.

खोलीभर आवाज झाला. जड, सपाट, एकेक ठोकळा ठेवत जावा तसा. एक सूर, मग दुसरा सूर. थांबा. मग तिसरा. मी ओळखली. सगळे सूर जागच्या जागी होते. ओळीनंतर ओळ येत गेली आणि संपली.

दादाने दोन्ही स्पीकरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आवाज येते, बाई. पण चाल नाई समजून राह्यली. ट्रक रिव्हर्स घेते तसं लागते." त्याने पुन्हा लावायला सांगितली. मी लावली. तो डोळे मिटून बसला. पुन्हा. दर वेळी त्याच्या कपाळावर तीच आठी येत होती.

"तुले आला का बाबा ऐकू?" शेवटी त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तो माझ्या ओठांकडे पाहत होता. "नाई," मी म्हणाले. "चाल तीच आहे. पण बाबा नाई आला."

"लिहिलं तं बरोबर आहे ना?"

"एक सूर चुकला नाई तुझा."

त्याने मान हलवली. खिडकीतून बाहेर पाहिलं. शहराच्या जुन्या परकोटाच्या भिंतीवर कोणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. मग तो खुर्ची ओढून माझ्यासमोर आला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतका.

"तू म्हण," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडे पायतो. तुले येते ना ती? लहानपणी येत होती. तू म्हण. बाबा म्हणे तवा तोंड कसं होये, मान कशी जाये, ते मले पाठ आहे. पाहून समजन मले."

मी म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली, दुसरी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला सगळी येत होती, न अडखळता. दादा पाहत होता. आधी माझ्या ओठांकडे, मग गळ्याकडे, मग डोळ्यांत. तिसऱ्या ओळीला त्याने हात वर केला.

"बाई," तो म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज हळू होता. "हे मशीन आहे. तू ठोके मोजून राह्यली."

मी थांबले. पाणी प्यायले. बाबांना आठवलं, अंगण आठवलं, मोहाखालची ती सकाळ आठवली, आणि पुन्हा सुरुवात केली. दादाने मान हलवली. नाही. मी आणखी एकदा म्हणून पाहिली, मग दादाने माझा हात दाबला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

आता काही महिने झाले. पावसाळ्यात ढग गडगडले तेव्हा दादाने वर पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं. आम्ही एकमेकांना लिहून दाखवतो, नाहीतर हातांनी सांगतो. ती चाल मला अजूनही येते, पूर्वीसारखीच, भांडी घासताना, लायब्ररीत शिक्के मारताना. आता ती कुठे हरवत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत येते. मी डोळे मिटते, बाबा खाटेवर बसलेले दिसतात, त्यांची बोटं पेटीवर असतात, ओठ हलतात, मान थोडी तिरपी होते. आणि त्यांच्या तोंडून तो स्पीकरचा आवाज येतो, सपाट, जड, एकही सूर न चुकलेला.